सगळ्यात वाईट गाणं कोणतं?



आजचा आमचा विषय भांडणाचा आहे. घाबरू नका, भांडण गाण्यावरून आहे. चार जणी जमल्या आणि गाण्यांचा विषय निघाला, की एकीचं दुसरीशी पटत नाही. एकीला जुनी गाणी तेवढी खरी वाटतात. दुसरीला वरातीतला ठेका कानावर पडला की पाय थांबवता येत नाहीत. तिसरी म्हणते, हे कसलं गाणं, नुसता धिंगाणा! आणि चौथीच्या घरात पोरगी कानात बोंडं घालून काय ऐकते, ते कुणालाच कळत नाही.

हे भांडण आपल्याच गावात चालतं असं नाही. इंग्लंड-अमेरिकेत रॉक नावाच्या संगीतावरून पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक असेच हमरीतुमरीवर येतात. सगळ्यात वाईट गाणं कोणतं? सगळ्यात जास्त आव आणणारे वादक कोणते? त्यावर मासिकांनी याद्या छापल्या, माणसांनी दोस्त्या तोडल्या, आणि एकदा तर भर मैदानात सुरुंग लावला. ती हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. गाण्यावरून भांडण कसं करावं आणि ते गाणं सोडून माणसावर कधी घसरतं, हे त्यातून फार छान कळतं.

आधी रॉक म्हणजे काय ते सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत हे संगीत लोकप्रिय झालं. त्याचं मूळ बरंचसं तिथल्या काळ्या लोकांच्या गाण्यांत आहे. विजेवर वाजणारी गिटार, ढोलांचा मोठा संच आणि मोकळ्या गळ्याने गाणारा किंवा गाणारी. गाणं दोन-तीन मिनिटांचं. तरुण पोरापोरींनी नाचावं, घरच्या मोठ्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात, असा मामला.

पुढे १९७०च्या आसपास इंग्लंडमधल्या काही वादकांना वाटलं, की आपण तीन मिनिटांच्या गाण्यात का अडकून पडावं? त्यांची बोटं तयार होती, काहींनी शास्त्रोक्त शिक्षण घेतलेलं होतं. त्यांनी लांबलचक रचना करायला सुरुवात केली. त्याला नाव पडलं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे पुढारलेलं रॉक. आता स्वतःला पुढारलेलं म्हटलं, की बाकीचे मागासलेले ठरतात. भांडणाचं बी तिथेच पडलं.

यात 'येस' नावाचा एक संच होता. त्यांनी १९७३च्या अखेरीस दोन तबकड्यांचा एक संग्रह काढला. नाव होतं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. नाव ऐकून दमलात ना? आतलं ऐका. दोन तबकड्या, चार बाजू आणि एकेका बाजूला एकच गाणं. ऐंशी मिनिटांत चार गाणी! या सगळ्याचा उगम आपल्या देशात आहे. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रात एक तळटीप आहे. तिच्यात श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशा चार प्रकारच्या शास्त्रांचा उल्लेख आहे. गायक जॉन अँडरसन यांनी ती वाचली आणि चार शास्त्रांवर चार गाणी रचायची ठरवली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या टिपेवर ऐंशी मिनिटांचं संगीत!

या संचातले पेटीवाले, म्हणजे कळफलकाची विजेवरची वाद्यं वाजवणारे, होते रिक वेकमन. त्यांना स्वतःलाच हा संग्रह भावला नव्हता. त्यांनीच नंतर सांगितलेली गोष्ट अशी, की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्यांना वाजवायला फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मंचावरच मसालेदार करी मागवून खाल्ली. भारतातल्या शास्त्रांवरचं संगीत चालू आहे आणि वादक भारतीय पद्धतीचं जेवण हाणतोय! पुढच्या वर्षी ते संच सोडून गेले.

म्हणजे वेकमन शहाणे, असं म्हणायला जावं, तर त्यांची पुढची गोष्ट ऐका. १९७५ साली त्यांनी इंग्लंडच्या जुन्या दंतकथेतल्या आर्थर राजावर संगीत रचलं आणि लंडनच्या वेम्बली इथे ते बर्फावर सादर केलं. खरोखरच्या बर्फावर! वाद्यवृंद, समूहगायक आणि बर्फावरून घसरत फिरणारे सरदार. तीन रात्री गर्दी झाली, तरी पैसा बुडाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं.

आणखी एक संच होता 'एमर्सन, लेक अँड पामर'. त्यातले किथ एमर्सन वाजवता वाजवता वाद्यात सुरा खुपसायचे. त्यांच्या शेजारी ग्रेग लेक पर्शियन गालिच्यावर उभे राहून गायचे. १९७७ साली हा संच मोठा वाद्यवृंद सोबत घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. खर्च इतका झाला, की वाद्यवृंद अर्ध्यातून परत पाठवावा लागला. आपल्याकडे यावर म्हण तयारच आहे: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पण मैत्रिणींनो, आता दुसरी बाजूही ऐकू. 'येस'चा तो संग्रह इंग्लंडात विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. म्हणजे हजारो लोकांनी पदरचे पैसे देऊन तो घेतला. वेम्बलीत लोक तीन रात्री आले. त्यांना कुणी बळजबरीने आणलं नव्हतं. गाणं लांबलं म्हणून वाईट म्हणावं, तर आपलं जागरण रात्रभर चालतं, गोंधळ पहाटेपर्यंत चालतो. कीर्तनाला बसलं की दोन तास कसे गेले ते कळत नाही. त्याला कुणी आव म्हणत नाही. मग आव कशाला म्हणायचं?

आम्ही आपापसात यावर बरंच बोललो. आमच्यातल्या काहींचं म्हणणं पडलं, की सांगायचं मूठभर आणि सोहळा गाडीभर असेल, तर तो आव. काही जणी म्हणाल्या, कीर्तनात बुवा आपल्याला टाळी द्यायला लावतात, गजर करायला लावतात, आपण त्यात असतो. जिथे ऐकणाऱ्याने नुसतं तोंडात बोट घालून बघत बसायचं, तिथे आव असतो. आणि एकीने मुद्दा काढला, की नवं काही करायला निघालेल्या माणसाला लोक आधी 'आव आणतो' असंच म्हणतात. पहिल्यांदा सरपंच झालेल्या बाईलाही हेच ऐकावं लागतं. तिन्ही मुद्द्यांत आम्हांला तथ्य वाटलं. तुमचं मत तुम्ही ठरवा.

इंग्लंडात या आवाचा कंटाळा आलेली पोरं १९७६च्या सुमारास पुढे आली. त्यांच्या संगीताला पंक म्हणतात. छोटी गाणी, मोठा आवाज, फाटके कपडे. तीन सूरमेळ येतात ना, मग चला मंचावर, असा त्यांचा खाक्या. याचा एक मोठा फायदा झाला. वर्षानुवर्षं रियाज केल्याशिवाय मंचावर चढायचं नाही, ही अट गेली आणि मुलींना वाट मिळाली. 'द स्लिट्स' हा मुलींचा संच १९७६ साली उभा राहिला, तेव्हा त्यातली गायिका ऍरी अप अवघी १४ वर्षांची होती.

पंकचा सगळ्यात गाजलेला गायक जॉन लायडन. 'पिंक फ्लॉइड' नावाचा तेव्हाचा बडा संच होता. त्या संचाचं नाव छापलेला सदरा लायडन घालायचा आणि नावाच्या वर त्याने स्वतः हाताने लिहिलं होतं, 'मला वीट आहे'. झालं! जुन्या रॉकवाल्यांना शिव्या घालणं हेच तरुणपणाचं लक्षण ठरलं.

आणि हाच लायडन १९७७च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर आला. त्याला सांगितलं होतं, तुला आवडतात त्या तबकड्या लाव. त्याने काय लावलं? जमैका बेटातलं संगीत लावलं आणि पीटर हॅमिल यांचीही गाणी लावली. हे हॅमिल कोण? त्याच आव आणणाऱ्या, पुढारलेल्या रॉकच्या गोटातले! कित्येक वर्षांनी तर लायडनने कबूल केलं, की पिंक फ्लॉइड न आवडायला माणूस वेडाच हवा. म्हणजे सदऱ्यावर एक आणि मनात दुसरंच. गाण्यावरच्या भांडणात असं फार होतं. आपल्याला काय आवडतं यापेक्षा आपण कुणाच्या बाजूचे दिसतो, याची काळजी जास्त.

आता 'सगळ्यात वाईट' गाण्याकडे येऊ. अमेरिकेतल्या 'ब्लेंडर' नावाच्या मासिकाने २००४ साली वाईट गाण्यांची यादी छापली. पहिला क्रमांक दिला 'वी बिल्ट धिस सिटी' या गाण्याला. हे १९८५चं, 'स्टारशिप' नावाच्या संचाचं. गंमत म्हणजे, निघालं तेव्हा हेच गाणं अमेरिकेत विक्रीत पहिलं आलं होतं. मग लोकांना राग कशाचा? तो संच मूळचा १९६५चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, बंडखोर तरुणांचा लाडका. वीस वर्षांत नाव बदललं, माणसं बदलली, संगीत गुळगुळीत झालं. आणि गाण्यात मात्र कंपन्यांच्या नावाने बोटं मोडलेली, आम्हीच रॉकच्या जोरावर शहर उभं केलं म्हणून छाती पुढे काढलेली. लोकांना हा दुटप्पीपणा खटकला. ते गाणाऱ्या ग्रेस स्लिक यांनीही पुढे सांगितलं, की हे गाणं आपल्याला आवडत नाही.

इथे बघा, टीका करणाऱ्यांनी कारण दिलं आहे. तुम्ही म्हणता एक आणि वाजवता दुसरं, असं ते म्हणाले. हे आम्हांला रास्त भांडण वाटतं. पटलं तर घ्या, नाही पटलं तर गाणं पुन्हा लावून खुशाल नाचा.

पण भांडण नेहमी इतकं सरळ राहत नाही. १२ जुलै १९७९ची गोष्ट. अमेरिकेत शिकागो शहरात स्टीव्ह डाल नावाचा रेडिओ निवेदक होता. त्याच्या आधीच्या केंद्राने रॉक सोडून डिस्को लावायचं ठरवलं आणि त्याची नोकरी गेली होती. डिस्को म्हणजे नाचायचं संगीत. ते ऐकणाऱ्यांत आणि गाणाऱ्यांत काळे लोक, लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक, समलिंगी माणसं आणि बायका पुष्कळ होत्या. डालने जाहीर केलं, की बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोची तबकडी घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत सोडू. म्हणजे एक डॉलरही नाही. मैदानात पन्नास हजारांच्या आसपास लोक जमले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत तबकड्यांची पेटी मैदानाच्या मध्ये ठेवली आणि सुरुंग लावून उडवली. मग हजारो लोक मैदानात घुसले, जाळपोळ झाली, पोलीस आले. दुसरा सामना होऊच शकला नाही.

डालचं म्हणणं आजवर हेच आहे, की ती संगीतावरची थट्टा होती, मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर विन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा होता. त्याने पुढे सांगितलं, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच. त्या फक्त काळ्या कलावंतांच्या होत्या. हा मुलगा पुढे स्वतः संगीतकार झाला. त्याच शिकागोत, डिस्कोच्याच राखेतून हाऊस नावाचं नाचाचं संगीत निघालं आणि ते घडवणाऱ्यांत तोही होता. आज आपल्या मिरवणुकीत डीजे जो सरळ धम-धम ठेका लावतो, तो त्याच जातकुळीतला. सुरुंगाने काही गाणं मेलं नाही.

आपला देशही यात मागे नव्हता. आपण रेडिओवर बोलतोय, तर रेडिओचीच गोष्ट सांगतो. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती हळूहळू दिसेनाशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि श्रीलंकेतून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनहून लागणारं केंद्र ऐकायला सुरुवात केली. अमीन सायानींची बिनाका गीतमाला घराघरात गेली. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि गाणी परत आली. केसकरांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर मानाची जागा दिली, हे त्यांचं मोठं काम. पण आपल्याला न आवडणारं गाणं दुसऱ्याने ऐकूच नये, हे मात्र त्यांना साधलं नाही.

आणि आपल्या भजनी मंडळातली पेटी? १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. या वाद्याला आपल्या रागांचे सूर नीट लावता येत नाहीत, असं जाणकारांचं मत होतं. गावागावांतल्या मंडळांनी पेटी काही सोडली नाही.

जाणकारांच्या यादीत आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्या तर कुठेच नव्हत्या. पहाटे जात्यावर बायका काय गातात, याला संगीत कोण म्हणणार? ते कामच. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या सोबतीने ओव्या गोळा केल्या, तेव्हा एक लाखाच्या वर भरल्या. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, बाबासाहेब, पंढरीची वाट, सगळं त्यांत आहे. चांगलं-वाईट ठरवणारे लोक एका खोलीत बसले आणि त्या खोलीत बाई नसली, की काय काय निसटून जातं, याचा हा पुरावा आहे.

रॉकच्या भांडणातही बहुतेक सगळे पुरुषच होते. त्यात एक बाई ठामपणे बोलली, तिचं नाव एलन विलिस. 'न्यूयॉर्कर' या अमेरिकेतल्या नामांकित साप्ताहिकात १९६८ पासून ती गाण्यांवर लिहायची. बायकांच्या चळवळीतही होती. गाण्यात बाईचा अपमान आहे का, हे ओळखायला तिने १९७१ साली एक सोपी चाचणी सांगितली. पुरुषाने बाईवर रचलेलं गाणं घ्या आणि त्यात बाईच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी बाई घाला. मग ते गाणं कसं वाटतं बघा.

तिने उदाहरणं दिली दोन. 'रोलिंग स्टोन्स'चं एक उर्मट गाणं आहे, 'अंडर माय थंब', म्हणजे माझ्या मुठीत. आणि कॅट स्टीव्हन्स यांचं एक गोड, हळवं गाणं आहे, 'वाइल्ड वर्ल्ड'. त्यात सोडून निघालेल्या बाईला पुरुष प्रेमाने सांगतो, की बाहेरचं जग फार वाईट आहे, जपून राहा. आता अदलाबदल करा. एखादी बाई पुरुषाला म्हणू शकते, की आता तू माझ्या मुठीत आहेस. उर्मट आहे, पण असं होऊ शकतं. पण निघून चाललेल्या बाप्याला बाई म्हणतेय, की जग वाईट आहे रे, तुझं एकट्याचं कसं होणार? ऐकूनच हसू येतं. म्हणजे गोड गाण्यातच बाईला लेकरू समजलेलं आहे. विलिस असंही म्हणायची, की कधीकधी एखादं आरडाओरड्याचं, बायकांना न रुचणारं गाणंही आपल्याला ठणकावून बोलायची हिंमत देतं, आणि एखादं मवाळ गाणं आपल्याला आणखी मवाळ करून टाकतं.

ही चाचणी आपल्या गाण्यांना लावून बघा. सिनेमाची, लग्नातली, मोबाइलवरची, कुठलीही. काही धांगडधिंग्याची गाणी पास होतील आणि काही सुरेल गाणी नापास होतील.

तर मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्ही चार गोष्टी बाजूला काढल्या आहेत.

पहिली, गाणं वाईट म्हणायचं तर कारण सांगायचं. शब्द वाईट की चाल? उसनी आहे? उगाच लांबवलंय? म्हणतंय एक आणि करतंय दुसरं? 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे कारण धरायचं नाही.

दुसरी, गाण्यावरून गाणारीवर आणि ऐकणारीवर घसरायचं नाही. 'असली गाणी ऐकणारी पोरगी कसली असेल' हे वाक्य गाण्याबद्दल नाही, पोरीबद्दल आहे. गाण्याचं निमित्त करून तिचा मोबाइल काढून घ्यायचा, तिचं गॅदरिंगमधलं नाव कापायचं, वरातीत नाचली म्हणून चार लोकांत बोल लावायचा, हे आपण बघतो. तोच ठेका, तेच गाणं, पण भाऊ नाचला तर हौस आणि बहीण नाचली तर बभ्रा. इथेही विलिसबाईंची अदलाबदल लावा.

तिसरी, आवड वेगळी आणि त्रास वेगळा. डीजेचं गाणं आवडत नाही, म्हणून ते बंद पाडायचा हक्क कुणाला नाही. पण दणदणाटाने म्हाताऱ्यांचं काळीज धडधडतं, तान्हं दचकतं, पोरांचा अभ्यास होत नाही, तर तो त्रास आहे आणि त्याला कायदा आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगे लावता येत नाहीत. सणावाराच्या ठरावीक दिवशी सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं. हा नियम डीजेला आहे आणि भजनालाही आहे.

चौथी, यादी करायला बसाल तेव्हा खोलीत कोण नाही ते बघा. सासवा असतील तर सुनांना बोलवा. शिकलेल्या असतील तर जात्यावर गायलेल्या आजीलाही बोलवा.

पुढच्या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत, हप्ते भरून झाले की अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येकीने एक आवडतं आणि एक नावडतं गाणं सांगायचं, कारणासकट. अदलाबदलीची चाचणी लावायची. मतदान घ्यायचं असेल तर घ्या, पण हरलेल्या गाण्याची चाहती हिरमुसून घरी जाणार नाही, एवढं बघा. भांडण रंगलं, तर आम्हांला कळवा. तुमच्या गटाची सगळ्यात वाईट आणि सगळ्यात लाडकी गाणी आपण याच केंद्रावर, तुमच्याच आवाजात मांडू. कदाचित एकच गाणं दोन्ही याद्यांत असेल.